चालकाची शैली ओळखणारे पेडल : इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटरचे विज्ञान आणि व्यवहार

मोटारीच्या रचनेत गेल्या तीन-चार दशकांत झालेले बहुतेक महत्त्वाचे बदल चालकाच्या नजरेस पडत नाहीत. स्टिअरिंग, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर आजही आपापल्या जागी आहेत. उजव्या पायाने ॲक्सिलरेटर दाबला की गाडी वेग घेते, हा अनुभवही पूर्वीसारखाच आहे. मात्र पाय आणि इंजिन यांना जोडणारी पोलादी केबल बहुतेक मोटारींतून नाहीशी झाली असून तिची जागा संवेदक म्हणजे सेन्सर, काही विजेच्या तारा आणि एक छोटा संगणक यांनी घेतली आहे. केबल चालकाची आज्ञा केवळ पोचवीत असे. संगणक त्या आज्ञेचा अर्थ लावतो. अर्थ लावण्याच्या या क्रियेतूनच ‘गाडी चालकाची सवय शिकते’ ही आज सर्रास ऐकू येणारी समजूत निर्माण झाली आहे. ती कितपत खरी आहे, तिच्यामागील तंत्र कोणते आणि त्यातून सुरक्षितता, इंधनबचत व नागरिकांचे हक्क यांसंबंधी कोणते प्रश्न उद्भवतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

केबलचा काळ

पेट्रोल इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या मार्गात एक गोल चकतीसारखी झडप असते. तिला थ्रॉटल म्हणतात. पेडल दाबले की केबल ओढली जाई, झडप उघडे, अधिक हवा आत शिरे आणि त्या प्रमाणात कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढले जाई. डिझेल इंजिनात अशी झडप नसे; तेथे केबल इंधनपंपावरील तरफ हलवी आणि पंप अधिक डिझेल सोडी. दोन्ही रचनांत पेडल किती दाबले आणि इंजिनाला काय मिळाले, यांचे नाते यांत्रिक व कायमचे ठरलेले होते. केबल सैल झाली तर मिस्त्री ती आवळून देई. एवढीच काय ती ‘जुळवणी’.

या साध्या रचनेत एक मोठा दोष होता, आणि तो पर्यावरणाच्या प्रश्नामुळे उघड झाला. पेट्रोल गाडीच्या धुराड्यातील त्रिमार्गी उत्प्रेरक परिवर्तक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्ही प्रदूषकांवर एकाच वेळी काम करतो; पण त्यासाठी हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या अगदी जवळ असावे लागते. चालकाने घाईने पेडल दाबले की हवा क्षणार्धात आत घुसते, इंधनाचा हिशेब मागे पडतो आणि तेवढ्या काळापुरते प्रमाण बिघडते. थ्रॉटलच संगणकाच्या हाती दिला, तर हवा आणि इंधन यांचा मेळ आधीच घालता येतो. इलेक्ट्रॉनिक पेडलचा प्रसार आलिशानपणाच्या हौसेतून झाला, असे अनेकांना वाटते. वस्तुतः उत्सर्जनाची कडक होत गेलेली मानके हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

या तंत्राची मूळ कल्पना विमानविद्येतून आली. कॉंकॉर्ड विमानात नियंत्रणाच्या आज्ञा विद्युत संकेतांद्वारे पोचविल्या जात. १९८७ मध्ये पहिले उड्डाण केलेल्या एअरबस ए-३२० ने अंकीय (डिजिटल) ‘फ्लाय-बाय-वायर’ प्रवासी वाहतुकीत रुळविली. आपल्याकडे ४ जानेवारी २००१ रोजी बंगळुरू येथे प्रथम झेपावलेले हलके लढाऊ विमान तेजस चौपट राखीव व्यवस्था असलेल्या अशाच अंकीय प्रणालीवर उडते. मोटारींमध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बीएमडब्ल्यूच्या ‘७ सिरीज’सारख्या महागड्या गाड्यांत हे तंत्र प्रथम दिसले आणि पुढील दोन दशकांत ते सामान्य गाड्यांपर्यंत पोचले.

भारतात त्याचा मार्ग काहीसा वेगळा होता. आपल्याकडे कॉमन रेल पद्धतीच्या डिझेल इंजिनांनी ही वाट मोठ्या प्रमाणावर मोकळी केली. २००७ मध्ये आलेली मारुती स्विफ्टची डिझेल आवृत्ती हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. कॉमन रेलमध्ये इंधन केव्हा व किती फवारायचे हे संगणकच ठरवीत असल्याने केबलला तेथे कामच उरत नाही. त्यानंतर उत्सर्जनाची मानके पुढे सरकत गेली. भारत स्टेज-४ मानके १ एप्रिल २०१० पासून तेरा शहरांत आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली. पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट भारत स्टेज-६ अमलात आले. दुचाकींची गोष्ट मात्र निराळी आहे. २०२० नंतर नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला, तरी बहुसंख्य स्कूटर व मोटरसायकलींच्या मुठीतून आजही केबलच निघते.

पेडल दाबल्यावर नेमके काय घडते?

इलेक्ट्रॉनिक पेडलच्या सांध्यापाशी एक नव्हे, तर दोन संवेदक बसविलेले असतात. पेडल किती अंशांनी फिरले ते दोघेही स्वतंत्रपणे मोजतात आणि व्होल्टेजच्या रूपात इंजिन नियंत्रण संगणकाला (ईसीयू) कळवितात. अनेक रचनांत एका संवेदकाचे व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मे ठेवलेले असते. यात गंमत अशी की, दोन तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट झाल्या तर दोन्ही आकडे सारखे होतात आणि ‘निम्मे’ हे नाते तुटते. संगणकाला बिघाड तत्काळ कळतो. अशा वेळी तो इशाऱ्याचा दिवा लावून इंजिनाची ताकद मर्यादित करतो. थ्रॉटलच्या झडपेवरही असेच दोन संवेदक असतात. झडप फिरविणारी छोटी मोटर बंद पडलीच, तर स्प्रिंगांमुळे झडप किंचित उघड्या स्थितीत येऊन थांबते. गाडी रखडत का होईना, रस्त्याच्या कडेला नेता येते.

खरा बदल याच्या पुढचा आहे. आधुनिक प्रणालीत पेडलची स्थिती म्हणजे ‘झडप इतकी उघड’ अशी आज्ञा नसते. तिचा अर्थ ‘चाकांना इतका टॉर्क हवा’ असा लावला जातो. टॉर्क म्हणजे फिरविणारा जोर. वातानुकूलन यंत्र चालू झाल्यास त्याला लागणारा टॉर्क संगणक त्या मागणीत मिळवितो. गिअर बदलताना तो क्षणभर कमी करतो. चाक घसरू लागल्यास स्थैर्य नियंत्रण प्रणालीच्या सांगण्यावरून चालकाची मागणी बाजूला ठेवतो. या सर्व मागण्यांचा मेळ घातल्यावरच झडप किती उघडायची ते ठरते. पेडल आणि इंजिन यांच्यामध्ये अशा प्रकारे एक तक्ता येतो. अभियंते त्याला ‘पेडल मॅप’ म्हणतात. पेडल पाव भाग दाबले असता उपलब्ध टॉर्कपैकी किती द्यायचा, अर्धे दाबले असता किती, हे गाडीचा वेग व इंजिनाचे फेरे यांनुसार त्यात नोंदविलेले असते.

या मांडणीचा लाभ डोंगराळ प्रदेशात चांगला समजतो. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे सत्तर टक्केच असते. केबलच्या गाडीत टर्बोचार्जर नसेल तर तेथे प्रत्येक वेळी पेडल अधिक दाबावे लागे, आणि मैदानी प्रदेशातून गेलेल्या चालकाला गाडी ‘मेली’ असे वाटे. टॉर्कच्या भाषेत विचार करणारा संगणक हवेच्या दाबाचे मोजमाप पाहतो आणि पेडलच्या तेवढ्याच दाबाला झडप अधिक उघडतो. पायाला फरक जाणवत नाही. अर्थात हे झडप पूर्ण उघडेपर्यंतच. त्यापुढे विरळ हवेवर कोणत्याही संगणकाचा इलाज चालत नाही, आणि खड्या चढावर ओव्हरटेक करू पाहणाऱ्याला ही मर्यादा नेमक्या नको त्या क्षणी कळते.

‘शिकणे’ म्हणजे काय?

गाडी शिकते असे म्हणताना तीन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत केली जाते. विद्यार्थ्यांनी त्या वेगळ्या ओळखणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट म्हणजे यंत्राने स्वतःच्याच भागांशी जुळवून घेणे. प्रत्येक थ्रॉटलची पूर्ण मिटलेली स्थिती अगदी थोड्या फरकाने निराळी असते. शिवाय काळाच्या ओघात झडपेच्या कडेला काजळी साचते आणि तेवढ्याच उघडिपेतून कमी हवा जाते. संगणक ही तूट ओळखून झडप किंचित अधिक उघडी ठेवू लागतो व तो आकडा स्मृतीत साठवितो. गॅरेजमध्ये थ्रॉटल स्वच्छ केल्यावर गाडी उभ्या जागी जोरात घुरघुरू लागते, ही तक्रार यातूनच येते. झडप स्वच्छ झालेली असते, पण संगणक अजून काजळी गृहीत धरूनच चालत असतो. नवा आकडा शिकविण्याची ठराविक पद्धत प्रत्येक उत्पादकाने दिलेली असते. ती न पाळता ‘सेन्सर गेला’ असे सांगून नवा भाग माथी मारला जाण्याचे प्रसंग घडतात. दोष पुष्कळदा लबाडीचा नसून प्रशिक्षणाच्या अभावाचा असतो. या सर्व शिकण्याचा चालकाच्या स्वभावाशी काहीही संबंध नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चालकाने स्वतः निवडलेली पद्धत. ‘इको’, ‘नॉर्मल’, ‘स्पोर्ट’ अशी बटणे दाबली की संगणक एक पेडल मॅप बाजूला ठेवून दुसरा घेतो. स्पोर्टमध्ये पेडलच्या सुरुवातीच्या प्रवासातच बराच टॉर्क दिला जातो, इकोमध्ये तोच हळूहळू मिळतो. पेडल पूर्ण दाबल्यावर मिळणारी कमाल शक्ती पेट्रोल-डिझेलच्या बहुतेक गाड्यांत दोन्हींत सारखीच असते. बाजारात पेडल व संगणक यांच्यामध्ये जोडावयाची काही उपकरणे ‘पिकअप वाढविणारी’ म्हणून विकली जातात. त्यांचे काम याहून वेगळे नसते. ती पेडलच्या संकेताचा आकडा फुगवून संगणकाला सांगतात, इंजिनाची शक्ती तीळभरही वाढवीत नाहीत. उलट, संवेदकांच्या दुहेरी तपासणीत एक परका मध्यस्थ शिरतो तो निराळाच.

तिसरी गोष्ट हीच खऱ्या अर्थाने चालकाची शैली ओळखणे होय. या विद्येचा जन्म पेडलपेक्षा स्वयंचलित गिअरबॉक्सच्या संदर्भात झाला. गिअर केव्हा बदलायचा हा निर्णय यंत्राकडे आल्यावर, कोणाला लवकर बदल हवा आणि कोणाला इंजिन अधिक फेरे घेईपर्यंत थांबायचे आहे, हे ओळखणे भाग पडले. १९९० च्या सुमारास पोर्शच्या ‘टिपट्रॉनिक’ गिअरबॉक्समध्ये गिअर बदलाचे अनेक तक्ते ठेवून चालकाच्या वागणुकीनुसार त्यांतील एक निवडण्याची सोय होती. मित्सुबिशीने १९९२ मध्ये ‘इन्व्हेक्स’ या प्रणालीत फझी लॉजिक वापरले आणि तिच्या पुढच्या आवृत्तीत चालकाच्या सवयी शिकण्याची क्षमता आणली. फोक्सवॅगनच्या ‘डायनॅमिक शिफ्ट प्रोग्राम’चा आधारही फझी लॉजिक हाच होता.

फझी लॉजिक म्हणजे संदिग्ध तर्कपद्धती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्राध्यापक लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये तिची पायाभूत मांडणी केली. जपानमधील सेंदाई शहराची भुयारी रेल्वे १९८७ पासून या पद्धतीच्या नियंत्रणावर धावू लागली, तेव्हा तिची व्यावहारिक उपयुक्तता जगाला पटली. नेहमीच्या तर्कशास्त्रात एखादा चालक ‘आक्रमक’ असतो किंवा नसतो. संदिग्ध तर्कात तो ‘साठ टक्के शांत आणि चाळीस टक्के आक्रमक’ असू शकतो. माणसाच्या वागण्याला ही दुसरी भाषा अधिक लागू पडते.

संगणक पाहतो तरी काय? पेडल किती दाबले यापेक्षा ते किती वेगाने दाबले याला अधिक महत्त्व असते. सावकाश अर्ध्यापर्यंत नेलेला पाय आणि झटक्यात अर्ध्यापर्यंत गेलेला पाय या दोन निराळ्या मागण्या आहेत. याखेरीज पेडल एकदम सोडले जाते का, ब्रेक किती जोराने व किती वेळा लावला जातो, वळणावर गाडी बाजूला किती ढकलली जाते, पेडल तळाशी किती वेळा पोचते, याही नोंदी घेतल्या जातात. त्यांतून एक निर्देशांक तयार होतो. समजा, शून्य म्हणजे अत्यंत संथ आणि शंभर म्हणजे अत्यंत उतावीळ. गाडीचा आतापर्यंतचा निर्देशांक ३० आहे आणि चालकाने ८० दर्जाचा एक झटका दिला. संगणक लगेच ८० वर उडी मारीत नाही. जुन्या आकड्याला नऊ दशांश आणि नव्याला एक दशांश वजन दिले, तर नवा निर्देशांक २७ अधिक ८, म्हणजे ३५ होईल. असाच दुसरा झटका आल्यास तो ३९.५ आणि तिसऱ्यानंतर सुमारे ४३.६ होईल. एखाद्या रिक्षाला चुकविण्यासाठी एकदाच दाबलेल्या पेडलवरून चालकाची परीक्षा होऊ नये, यासाठी ही सावधगिरी. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्यक्षातील वजने प्रत्येक उत्पादक निराळी ठरवितो आणि सहसा जाहीर करीत नाही.

निर्देशांक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गिअर उशिरा बदलतो, पेडलचा प्रतिसाद तीव्र होतो. खाली येताना मात्र मर्यादा थोडी कमी ठेवलेली असते. ४० वर गेल्यावर बदल आणि ३० खाली आल्यावरच पूर्वस्थिती, अशी. दोन्हींसाठी एकच रेषा ठेवली तर ३९ आणि ४१ यांच्या दरम्यान गाडीचे वागणे सारखे हेलकावे खाईल आणि चालक वैतागेल.

यात सर्वांत कठीण प्रश्न चढाचा आहे. घाट चढताना शांत वृत्तीचा माणूसही पेडल खोल दाबतो. ट्रॉली ओढणाऱ्या किंवा सहा माणसे व सामान भरलेल्या गाडीचेही तसेच. संगणकाने याला आक्रमकता समजावी का? त्यासाठी तो दिलेला टॉर्क आणि प्रत्यक्ष मिळालेला प्रवेग यांची तुलना करतो. सपाट रस्त्यावर तेवढ्या टॉर्कने गाडीने जितका वेग घ्यायला हवा होता तितका घेतला नाही, तर चढ किंवा ओझे आहे असा निष्कर्ष निघतो आणि शैलीची नोंद बाजूला ठेवली जाते. स्वयंचलित गाडी उतारावर आपणहून खालच्या गिअरमध्ये जाऊन इंजिनाचा अवरोध वापरते, त्यामागेही हाच हिशेब असतो.

गाडी चालकाला ‘ओळखते’ हे म्हणणे मात्र जपूनच स्वीकारावे. पुष्कळ प्रणालींची स्मृती अल्पकालीन असते. काही मिनिटांच्या वागणुकीवरून मत बनते आणि पुढील काही मिनिटांत पुसले जाते. गाडी घरातील वडिलांनी चालविली की मुलीने, हे तिला कळत नाही. चालक कसा वागतो आहे एवढेच कळते, आणि तेही आपल्या शहरांतील रहदारीत अर्धवटच. सिग्नल ते सिग्नल धावणाऱ्या वाहतुकीत प्रत्येकाचाच पाय उतावीळ दिसतो.

जुळवून कोण घेते?

शैलीशी जुळवून घेण्याच्या या प्रयत्नांना एक उलटी धाराही आहे. निस्सान कंपनीने २००८ मध्ये ‘इको पेडल’ जाहीर केले. चालक गरजेपेक्षा अधिक दाब देऊ लागला की हे पेडल पायाला उलट रेटा देते. त्यामुळे इंधनक्षमता पाच ते दहा टक्क्यांनी सुधारू शकते, असे कंपनीचे म्हणणे होते. येथे गाडी चालकाकडून शिकत नाही, त्याला शिकविते. हे शिकविणे आवडेलच असे नाही, आणि अशी पेडले सर्वत्र रूढ झालेली नाहीत. इको पेडल मॅप मात्र सर्वत्र पोचला. त्याचे कारण धोरणात शोधावे लागते. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ अन्वये भारतात मोटार उत्पादकांच्या सर्व गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावर मर्यादा घालण्यात आली आहे. २०१७-१८ पासूनच्या पहिल्या टप्प्यात ती दर किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या तुल्य होती. २०२२-२३ पासून ती ११३ ग्रॅमवर आली. अर्थात प्रयोगशाळेतील ठराविक चाचणीत मिळालेला आकडा आणि रस्त्यावरील चालकाच्या पायाने ठरणारा आकडा यांत अंतर राहतेच. हे अंतर ध्यानात घेऊन १ एप्रिल २०२३ पासून, भारत स्टेज-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची चाचणीही बंधनकारक झाली.

विश्वासाची परीक्षा

पायाची आज्ञा संगणकामार्फत जाणार असेल, तर संगणक चुकल्यास काय, हा प्रश्न अपरिहार्य ठरतो. अमेरिकेत तो २००९ मध्ये अत्यंत दुःखद रीतीने पुढे आला. ऑगस्ट २००९ मध्ये सॅन दिएगोजवळ एक लेक्सस गाडी बेफाम वेगाने जाऊन चौघांचा मृत्यू झाला. त्या गाडीत न जुळणारी पायपुसणी बसविलेली होती आणि तिच्यात पेडल अडकले होते, असे तपासात दिसून आले. टोयोटा कंपनीने पायपुसण्यांमुळे आणि त्यानंतर जानेवारी २०१० मध्ये चिकटणाऱ्या पेडलमुळे लक्षावधी गाड्या परत बोलावल्या. दोष इलेक्ट्रॉनिक प्रणालीतच असावा, असा संशय बळावल्याने अमेरिकी रस्ता सुरक्षा यंत्रणेने अवकाश संशोधन संस्था नासाकडे तपास सोपविला. फेब्रुवारी २०११ च्या अहवालानुसार बेफाम वेगाला कारण ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष नासाच्या अभियंत्यांना आढळला नाही. तथापि विषय तेथे मिटला नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील ज्यूरीने, सॉफ्टवेअरच्या त्रुटींविषयी तज्ज्ञांची साक्ष ऐकल्यावर, एका कॅमरी गाडीच्या अपघातात कंपनीला जबाबदार धरले. मार्च २०१४ मध्ये, ग्राहकांची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून, कंपनीने अमेरिकी न्याय विभागाला १.२ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले.

या प्रकरणातील एक तपशील विशेष लक्षात राहण्याजोगा आहे. चिकटणारे पेडल इलेक्ट्रॉनिकच होते, पण चिकटणारा भाग यांत्रिक होता. केबल गेल्यावर पेडल पायाला अगदीच हलके लागू लागले. म्हणून जुन्या घर्षणाची जाणीव टिकविण्यासाठी त्यात मुद्दाम एक घर्षण देणारा भाग बसविला होता. झिजेमुळे व ओलाव्यामुळे नेमका तोच अडकत असे. चालकाला सवयीचे वाटावे म्हणून केलेली सोय अशी अंगाशी आली. पुढे ‘ब्रेक ओव्हरराइड’चा प्रसार झाला. या व्यवस्थेत ॲक्सिलरेटर व ब्रेक दोन्ही दाबले गेल्यास ब्रेकची आज्ञा वरचढ मानली जाते. केबलच्या गाडीत हे शक्यच नव्हते.

भारतात सदोष वाहने परत बोलाविण्याची तरतूद दीर्घकाळ उत्पादकांच्या स्वेच्छेवर अवलंबून होती. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने मूळ कायद्यात कलम ११०अ समाविष्ट केले. पर्यावरणाला किंवा चालक, प्रवासी व रस्त्यावरील इतरांना अपाय करू शकणारा दोष आढळल्यास वाहने परत बोलाविण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्यामुळे केंद्र सरकारला मिळाला. यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. पायपुसणी अडकली तर ती डोळ्यांना दिसते. सॉफ्टवेअरमधील दोष मालकाला दिसत नाही, गॅरेजमधील मिस्त्रीलाही नाही. त्यामुळे अशा कायद्याची गरज केबलच्या काळापेक्षा आज कितीतरी अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पायाची नोंद कोणाची?

ज्या आकड्यांवरून पेडल चालकाची शैली ओळखते, तेच आकडे गाडीबाहेरही जाऊ शकतात. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मोटार विम्यात ‘जसे चालवाल तसा हप्ता’ अशा स्वरूपाच्या पूरक सोयींना परवानगी दिली. जपून चालविणाऱ्याला सवलत, हे तत्त्व न्याय्य वाटते. परंतु जोराने लावलेला ब्रेक बेफिकिरीचा होता की समोर आलेल्या मुलाला वाचविण्यासाठी, हे आकडा सांगत नाही. गाडीतील संगणकाने तो प्रसंग चुकीचा वाचला तर गिअर काही मिनिटे उशिरा बदलेल. विमा कंपनीने चुकीचा वाचला तर वर्षभराचा हप्ता बदलेल. वैयक्तिक अंकीय माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. गाडी विकत घेताना चालक ज्या कागदांवर सह्या करतो, त्यांत ही संमती कितपत समजून दिलेली असते, हा प्रश्न मात्र खुला आहे.

विजेच्या गाडीतील पेडल

विद्युत वाहनांत थ्रॉटलची झडपच नाही. तेथे पेडल म्हणजे निव्वळ मागणीपत्र, आणि तेही दोन्ही दिशांचे. पाय दाबला की मोटर गाडी ओढते. पाय उचलला की तीच मोटर जनित्र बनते, गाडीचा वेग घटतो आणि वीज बॅटरीत परत जाते. निस्सानने २०१७ च्या लीफ गाडीत एकाच पेडलवर चालविण्याची सोय दिली. भारतात २०२२ मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्ही मॅक्समध्ये या पुनर्जननाची तीव्रता चालकाला निवडता येत होती. पाय नुसता उचलल्यानेच गाडी मंदावणार असेल, तर मागच्या वाहनाला ते कळावे कसे, हा नवा प्रश्न उभा राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रेकविषयक नियमावलीत त्याचे उत्तर दिलेले आहे. अशी मंदगती दर सेकंदास सेकंदाला १.३ मीटरहून अधिक असल्यास ब्रेकचा दिवा लागलाच पाहिजे, ०.७ पर्यंत तो लागता कामा नये, आणि मधल्या पट्ट्यात निर्णय उत्पादकाचा.

केबलच्या जमान्यातून आलेल्या चालकाला या गाडीत एक गोष्ट विशेष चकविते. बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना परत आलेली वीज ठेवायला जागा नसते, म्हणून संगणक पुनर्जनन कमी करतो. अतिशय थंडीत बॅटरी गार असतानाही तसेच होते. रात्रभर चार्ज करून सकाळी उतारावर निघालेल्या गाडीत पाय उचलल्यावर कालच्याइतकी मंदगती मिळत नाही. पुढे काही किलोमीटर गेल्यावर ती आपोआप परत येते. काही गाड्यांत ही तूट संगणक नेहमीच्या ब्रेकने स्वतःच भरून काढतो. जेथे तशी सोय नाही, तेथे ते काम चालकाच्या उजव्या पायाला करावे लागते.